झाडावर चढणाऱ्याचा हिशेब

एप्रिल संपत आला की मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर करवतींचा आवाज सुरू होतो. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या उतरविण्याचे हे काम दरवर्षीचेच. कडेला टेम्पो उभा राहतो, दोन-तीन माणसे खाली दोर धरून उभी असतात आणि एक जण अनवाणी, कमरेला कोयता खोवून, पर्जन्यवृक्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बेचक्यात पोहोचलेला असतो. येणारेजाणारे क्षणभर वर पाहतात, डोक्यावर काही पडू नये एवढी काळजी घेतात आणि आपल्या वाटेने जातात. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे असाच पुढे जात आला. २०१८ च्या मे महिन्यात मात्र ते शक्य झाले नाही. त्या वेळी झाड आमच्याच गृहनिर्माण संस्थेच्या आवारातले होते आणि कामाच्या मंजुरीवर चिटणीस या नात्याने सही माझी होती.

आदल्या वर्षी जुलैत चेंबूरला नारळाचे झाड कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला होता. तेव्हापासून सभासद धास्तावलेले होते. आम्ही वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी काढली, तीन दरपत्रके मागविली आणि नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचे स्वीकारले. वर चढलेला मुलगा पंचविशीचा, जालना जिल्ह्यातला. ऊसतोडीचा हंगाम आटोपून मुकादमाबरोबर शहरात आलेला. मांडीएवढ्या जाडीची फांदी तो वरून कापत होता. निम्मी कापून होते न होते तोच ती स्वतःच्या वजनाने कडकडली, खोडाची साल हातभर सोलत खाली आली आणि तिच्या हिसक्याने तो पंधरा-एक फुटांवरून आवाराच्या भिंतीवर पडला. मांडीचे हाड मोडले, मनगट गेले. दोर नव्हता असे नाही. दोर होता; तो फांदीला बांधलेला होता, खालच्या मोटारींच्या काचा फुटू नयेत म्हणून!

ठेकेदार म्हणाला, “सर, तो माझा माणूस नाही, मुकादमाने आणलेला.” मुकादम त्या दिवसानंतर दिसला नाही. सभासदांतील एका वकिलांनी त्या वेळी लागू असलेला १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा उघडून सांगितले की, ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते ती तो आपल्या धंद्याकरिता काम करवून घेत असेल तेव्हा. गृहनिर्माण संस्था काही धंदा करीत नाही. आम्ही माणुसकी म्हणून वर्गणी काढली. ती इस्पितळाच्या बिलालाही पुरली नाही. संस्थेच्या जमाखर्चात ती रक्कम ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली आजही वाचावयास मिळते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला याची लाज अधिक वाटावयास हवी. कारण ते सर्वांत कमी दराचे पत्रक मी नंतर पुन्हा वाचले तेव्हा अपघाताची कारणे त्यातच लिहिलेली आढळली. एक तर दर झाडामागे उक्ता होता. माणूस दिवसाकाठी जितकी झाडे उरकील तितका त्याचा रोज पडणार. सावकाश, दोर बदलत, फांदीचा अंदाज घेत काम करणे म्हणजे स्वतःच्या मजुरीतून कपात. दुसरे असे की, तोडलेले लाकूड ठेकेदाराचे, असे कलम होते. दर कमी का, याचे उत्तर त्या कलमात होते. वाळक्या, बारीक, खरोखर धोकादायक फांद्यांना जळाऊ लाकडाच्या बाजारात किंमत नाही. किंमत आहे ती जाड, निरोगी फांद्यांना. म्हणजे जी फांदी राखावयाची तीच तोडण्याचे प्रलोभन आम्ही लेखी दिले होते. आणि वजनदार फांदीच माणसालाही खाली आणते.

वास्तविक झाडाची छाटणी हे शास्त्र आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जॉन डेव्ही यांनी ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक १९०१ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून तेथे या धंद्याला स्वतंत्र नाव मिळाले. अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते व नवे लाकूड बाहेरून वाढविते. म्हणून फांदी खोडाला लागून भुईसपाट कापू नये आणि तिचे खुंटही ठेवू नये. बुडाशी जो फुगवटा असतो त्याच्या किंचित बाहेर कापावी. जड फांदी तीन कापांत उतरवितात: खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर उरलेल्या खुंटाला अखेरचा काप. खालून घेतलेला तो पहिला काप साल सोलू देत नाही. आमच्या आवारात तेवढाच एक काप राहून गेला. त्याला अर्धे मिनिट लागले असते.

साधनांची गोष्टही अशीच. कमर आणि मांड्या यांना धरून ठेवणारा पट्टा, माणसासाठी वेगळा दोर, फांदीसाठी वेगळा, शिरस्त्राण, वक्र पात्याची हातकरवत एवढी सामग्री मूलभूत. हल्ली पेट्रोलवर चालणाऱ्या यांत्रिक करवती आपल्याकडे सर्रास आल्या, पण त्यांच्याबरोबर यावयाचे बाकीचे काही आले नाही. परदेशी कामगाराच्या विजारीत लांब तंतूंचे थर असतात; करवत चुकून मांडीला लागली तर ते तंतू साखळीत गुंतून तिला थांबवितात. करवतीने स्वतःचाच दोर कापला जाऊ नये म्हणून तो पोलादी गाभ्याचा आणखी एक दोर बांधतो. ब्रिटनमध्ये झाडावर यांत्रिक करवत चालविण्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि वरच्या माणसाला सोडवून खाली आणू शकेल असा दुसरा माणूस खाली हजर असावा लागतो. आपल्याकडे यंत्र आले ते वेग वाढविण्यासाठी, आणि ते चालविणारा अजून अनवाणीच आहे. महापालिकांकडे यांत्रिक शिड्यांच्या गाड्या आहेत, हे खरे. पण त्या रुंद रस्त्यावर. आवारात, गल्लीबोळात माणूसच चढतो.

आणि तो उत्तम चढतो, हेही सांगितले पाहिजे. सालीवर पाय कुठे घसरेल, गुलमोहराचे लाकूड कसे दगा देते, चिंचेच्या फांदीवर किती भरवसा ठेवावा, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान कुणी त्याला शिकविलेले नाही आणि बाजार त्याची वेगळी किंमत देत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यानुसार गणना होते. मुंबईत २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत झाडे सुमारे २९ लाख ७५ हजार भरली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारशाचा दर्जाही मिळाला. या सर्व झाडांवर चढणारे किती, याची नोंद ठेवावी असे या व्यवस्थेत कुणालाच वाटलेले नाही.

हे अशक्य आहे काय? माडाचे उदाहरण पाहावे. गोव्यात ज्यांना पाडेली म्हणतात, त्या नारळ उतरविणाऱ्यांची वाण पडू लागल्यावर आणि विशेषतः केरळातील बागायतदार अडचणीत आल्यावर, नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना चढण्याचे यंत्र वापरण्याचे सहा दिवसांचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. त्यात स्त्रियाही शिकल्या. पुढे या माणसांसाठी ‘केरा सुरक्षा’ नावाचा अपघात विमाही चालविला. येथे कुणाची दया कामी आली नाही. माणसे मिळेनाशी झाली म्हणून त्यांची किंमत कळली. आमच्या शहरात माणसे अजून मुबलक मिळतात, हीच अडचण आहे.

तेव्हा बाजार आपोआप सुधारेल या भरवशावर राहता येणार नाही. निविदेचा मसुदा बदलावा लागेल. विम्याचा हप्ता आणि दोर-पट्ट्याचे भाडे या रकमा स्पर्धेबाहेर ठेवून निविदेत आधीच छापाव्यात, म्हणजे त्यांत काटछाट करून कुणाला दर उतरविता येणार नाही. मजुरी झाडामागे न देता दिवसामागे द्यावी. लाकडाचा लिलाव वेगळा करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तारतंत्री व सांधाता यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या शेजारी तीन महिन्यांचा वृक्षछाटणीचा अभ्यासक्रम बसविण्यास फारसा खर्च येऊ नये. दर वाढतील, असा आक्षेप येईल. वाढतीलच. वाढलेल्या दराने विनाकारण फांद्या कमी तोडल्या जातील, हाही त्याचाच भाग.

आमच्या संस्थेत यंदा पुन्हा तीन दरपत्रके आली आहेत. त्यांतील एकात पट्टा, दोर आणि विमा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. रक्कम इतरांच्या दुपटीहून थोडी अधिक. मी आता चिटणीस नाही, पण तेच स्वीकारावे असे समितीला लेखी कळविले आहे. एका जुन्या सभासदाने जिन्यात गाठून विचारले, “प्राध्यापक, गेल्या वेळी तुम्हीच ना स्वस्तातले घेतले होते?” मी हो म्हटले. ज्या ठिकाणी साल सोलली गेली होती तेथे आता अळंबीचे कठीण छत्र आले आहे. खोड तेथे आत पोकळ झाले असणार, आणि या वर्षी कुणाला तरी नेमक्या त्याच बेचक्यात उभे राहावे लागेल. समितीची बैठक येत्या रविवारी आहे.