डिकीतली पेढी

महाविद्यालयाच्या क्रीडांगणावर चार वर्षे धावलेल्या तरुणाच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो की, अंगावरचा विद्यापीठाचा सदरा उतरलेला असतो, पायांतले बळ मात्र तसूभरही ओसरलेले नसते, आणि उद्यापासून ते बळ कोणी घड्याळ लावून मोजणार नाही, ही गोष्ट त्याला प्रथमच उमगते. जे पहिल्या रांगेतले असतात त्यांची चिंता राष्ट्र करते, वर्तमानपत्रे करतात, त्यांना शिकवण्यासाठी आमंत्रणे येतात. परंतु कोणत्याही क्रीडांगणावर बहुसंख्या असते ती दुसऱ्या रांगेतल्यांची, आणि त्यांचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्याही दप्तरात कोणी ठेवीत नाही. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील अशाच एका दुसऱ्या रांगेतल्या धावपटूने १९६४ साली बुटांचा एक अगदी छोटा व्यापार मांडला. त्याचे नाव फिल नाइट. तो व्यापार पुढे ‘नाइकी’ या नावाने पृथ्वीच्या पाठीवर पसरला, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळेच त्याची पहिली सात-आठ वर्षे, ज्या काळाच्या आरंभी मोटारीची डिकी हेच दुकान आणि आईवडिलांचे घर हीच वखार होती, ती विस्मृतीत गेली आहेत. मला ओढ आहे ती त्या वर्षांची. कारण महाविद्यालयीन खेळाडू किरकोळ दुकानदार होतो तेव्हा तो आपल्याबरोबर मैदानावरून नेमके काय घेऊन येतो, हे तिथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

नाइटचा जन्म १९३८ साली पोर्टलंड शहरात झाला आणि तो शिकला यूजीन येथील ऑरेगन विद्यापीठात. तिथल्या हेवर्ड फील्ड या मैदानावर मध्यम पल्ल्याच्या शर्यतींचे जे शिक्षण मिळे, ते त्या देशात उत्कृष्ट मानले जाई. नाइटने एक मैलाचे अंतर चार मिनिटे तेरा सेकंदांत कापले होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा वेग थक्क करणारा आहे. परंतु रॉजर बॅनिस्टरने १९५४ साली चार मिनिटांची सीमा ओलांडली होती, आणि १९५६ साली तर याच विद्यापीठाच्या जिम बेली या धावपटूने अमेरिकेच्या भूमीवर प्रथमच तो पराक्रम करून दाखवला होता. अशा मंडळींच्या सहवासात तेरा सेकंदांचे ते अंतर किती लांबचे आहे, हे नाइटला रोज संध्याकाळी दिसत असणार.

त्याचे गुरू बिल बॉवरमन हे केवळ धावण्याचे शिक्षक नव्हते, हौसेने पत्करलेल्या वृत्तीने ते चांभारही होते. बाजारात मिळणारे बूट जड, टणक आणि धावणाऱ्याच्या पायाशी वैर धरणारे असतात, या विचाराने अस्वस्थ होऊन ते आपल्या शिष्यांचे बूट उसवीत, पुन्हा शिवीत, आणि कांगारूच्या कातड्यापासून माशाच्या कातड्यापर्यंत जे जे हलके व चिवट असेल ते लावून पाहत. त्यांचा हिशेब साधा होता: सहा फूट ढांग टाकणारा धावपटू एका मैलात ८८० पावले टाकतो, तेव्हा बुटातून एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, वजन काढून टाकले, तर एका मैलात त्याला ५५ पौंड, म्हणजे जवळजवळ २५ किलो, ओझे कमी उचलावे लागते. हे प्रयोग करायचे कोणाच्या पायांवर? अव्वल धावपटूचा पाय बिघडला तर विद्यापीठाची स्पर्धा हातची जायची. म्हणून दुसऱ्या रांगेतल्या नाइटचे पाय पुढे आले. बूट कुठे चावतो, टाच कुठे सैल पडते, पावसात तळ कसा घसरतो, हे ज्ञान त्याला अशा रीतीने मिळाले. मैदानाने त्याला दिलेले भांडवल हेच, असे माझे मत आहे. खेळाडू व्यापारात आला की त्याच्या जिद्दीचे गोडवे गाण्याची आपल्याला सवय झाली आहे. परंतु जिद्द सैनिकाजवळ असते, शेतकऱ्याजवळ असते, परीक्षेला तिसऱ्यांदा बसणाऱ्या विद्यार्थ्याजवळही असते. नाइटजवळ इतरांपाशी नसलेली वस्तू होती ती एका क्षुल्लक दिसणाऱ्या जिनसेची अंगभूत ओळख, आणि ती ओळख देणाऱ्या गुरूचा विश्वास.

१९५९ साली पदवी घेऊन आणि वर्षभर सैन्यात काढून तो स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यापारशास्त्र शिकण्यास गेला. तिथे फ्रँक शॅलनबर्गर या प्राध्यापकांच्या वर्गात एखाद्या नव्या छोट्या व्यवसायाची योजना लिहून आणण्याचे काम त्याला मिळाले. त्या काळी धावण्याच्या बुटांवर जर्मनीचे साम्राज्य होते. दास्लर घराण्यातील दोन भावांनी भांडणानंतर काढलेल्या ‘आदिदास’ आणि ‘पूमा’ या दोन पेढ्याच जणू सारे मैदान वाटून घेत होत्या. परंतु छायाचित्रांच्या कॅमेऱ्यांत जर्मनांची अशीच मिरास जपानी कारखानदारांनी नुकतीच मोडीत काढली होती. जे कॅमेऱ्यांत घडले ते बुटांत का घडू नये, असा प्रश्न मांडून नाइटने आपला निबंध लिहिला. असे निबंध दर वर्षी लिहिले जातात, त्यांना गुण मिळतात आणि ते रद्दीत जातात. हा निबंध मात्र लिहिणाऱ्याच्या डोक्यातून गेला नाही, कारण त्यातील विषय त्याने पुस्तकातून उचलला नव्हता.

१९६२ साली तो जगाच्या प्रवासाला निघाला आणि वाटेत जपानमधील कोबे शहरी ओनित्सुका यांच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला. किहाचिरो ओनित्सुका यांनी महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात १९४९ साली बूट करण्यास आरंभ केला होता आणि त्यांचे ‘टायगर’ नावाचे बूट स्वस्त असून चांगले होते. आपण कोणत्या कंपनीतर्फे आला आहात, असे कारखान्याच्या मंडळींनी विचारताच या चोवीस वर्षांच्या तरुणाने, ज्याच्यामागे कंपनी तर सोडाच पण एखादे टेबलही नव्हते, जागच्या जागी ‘ब्लू रिबन स्पोर्ट्स’ हे नाव रचून सांगितले. हे धाडस होते हे खरे. परंतु सत्याला सोडून होते हेही खरे, आणि त्याचे कौतुक करताना ही दुसरी बाजू झाकू नये, असे मला वाटते. नमुन्याचे जोड त्याच्या हाती पडण्यास त्यानंतर वर्षाहून अधिक काळ लागला.

ते येताच त्याने दोन जोड बॉवरमनना पाठवले. गुरूने ते विकत घ्यावेत, निदान चार शब्द बरे बोलावेत, एवढीच शिष्याची अपेक्षा होती. बॉवरमननी भागीदारीच मागितली. २५ जानेवारी १९६४ रोजी दोघांनी हातात हात दिला आणि प्रत्येकी पाचशे डॉलर घातले. पुढे रीतसर करारनामा करताना व्यापाराची सूत्रे शिष्याच्या हाती राहावीत म्हणून गुरूने आपला हिस्सा एकोणपन्नास टक्के ठेवला आणि शिष्याला एकावन्न टक्के दिले. गुरुदक्षिणेच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. गुरूने एक टक्का मागे सरून शिष्याला मालक केल्याची ही कथा मला त्यांच्याइतकीच मोलाची वाटते.

त्या हजार डॉलरांत तीनशे जोड आले. खेळाच्या मालाचे दुकानदार या अनोळखी बुटांची फारशी दखल घेईनात, तेव्हा नाइटने ते आपल्या प्लिमथ व्हॅलियंट मोटारीच्या डिकीत भरले आणि आसपासच्या प्रांतांत जिथे जिथे शर्यती होत तिथे तिथे तो जाऊ लागला. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात शिक्षकांशी, धावपटूंशी, प्रेक्षकांशी बोलायचे, बूट हातात द्यायचा, घालून पाहू द्यायचा आणि सहा डॉलर पंचाण्णव सेंटला जोड विकायचा, असा त्याचा क्रम होता. याच माणसाने पूर्वी ज्ञानकोश विकण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यात त्याला मुळीच यश आले नव्हते. स्वभावाने तो इतका भिडस्त होता की, परक्या दारावर थाप मारणे हीच त्याला शिक्षा वाटे. पण क्रीडांगण त्याला परके नव्हते. रोज थोडे धावणाऱ्या माणसाचे आयुष्य बरे होते, यावर त्याची मनापासून श्रद्धा होती, आणि ज्या वस्तूवर श्रद्धा आहे ती विकताना भिडस्त मनुष्यही बोलू लागतो. पहिल्या वर्षात तेराशे जोड विकले गेले आणि सुमारे आठ हजार डॉलरांची उलाढाल झाली.

आता इथे छोट्या व्यापाराचे एक मर्म वाचकांपुढे सविस्तर मांडले पाहिजे, कारण ते न कळल्यामुळे कित्येक प्रामाणिक आणि कष्टाळू दुकानदार बुडालेले आहेत. गिऱ्हाईक वाढले की गल्ल्यात पैसा वाढतो, असा आपला समज असतो. वस्तुतः वाढते गिऱ्हाईक गल्ला रिकामा करते. पहिल्या खेपेचे तीनशे जोड पूर्ण किमतीला विकले गेले असे धरले, तरी हाती दोन हजार पंच्याऐंशी डॉलर येतात. मागणी पाहून पुढच्या खेपेस नऊशे जोड मागवायचे म्हटले, तर कारखान्याला त्याच दराने तीन हजार द्यावे लागतात, आणि तेही माल विकला जाण्यापूर्वी. मग बोट महासागर ओलांडून येणार, जकात भरायची, माल वखारीत पडायचा आणि त्यानंतर एकेक जोड विकून एकेक नोट परत यायची. म्हणजे जितकी भरभराट अधिक तितके मधले भगदाड मोठे, आणि ते बुजवायला कर्जाशिवाय उपाय नाही. नाइटची विक्री जवळजवळ दर वर्षी दुप्पट होत होती, आणि प्रत्येक वर्षी बँकेचे अधिकारी त्याला सांगत होते की, तुमच्या स्वतःच्या भांडवलाच्या मानाने ही वाढ फार वेगाची आहे, थोडे सावकाश चला. त्याला सावकाश चालणे ठाऊक नव्हते. आलेला प्रत्येक डॉलर तो पुढच्या मागणीत घालीत असे आणि गंगाजळी म्हणून काही मागे ठेवीत नसे. या ठिकाणी बँकेचे सारेच चुकले असे मी म्हणणार नाही. एक बोट महिनाभर उशिरा आली असती तर ती पेढी कोसळली असती, आणि धावपटूची सवय व्यापारात जशी तारते तशी घातही करू शकते.

त्याला सावरून धरणारी गोष्ट होती ती नोकरी. या सर्व काळात नाइट हिशेबनिसाचे काम करीत होता, प्रथम एका पेढीत आणि नंतर प्राइस वॉटरहाउसमध्ये, आणि त्यापुढे पोर्टलंड स्टेट विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवत होता. घरखर्च पगारातून चाले, म्हणून दुकानाच्या नफ्याला हात लावावा लागत नसे. शिवाय दुसऱ्यांच्या खातेवह्या तपासता तपासता धंदे कशाने बुडतात याचे शिक्षण त्याला पगार घेऊन मिळत होते. १९६४ साली काढलेल्या व्यापाराला आपला सारा वेळ देण्याची ऐपत त्याला १९६९ साली आली. वीरकथा सांगणाऱ्यांना ही पाच वर्षे आवडत नाहीत, कारण ‘सर्वस्व पणाला लावले’ असे म्हणता येत नाही. मला मात्र सबंध वृत्तान्तातील हाच भाग एखाद्या होतकरू खेळाडूला आवर्जून वाचून दाखवावासा वाटतो.

आणि माणसे? तीही मैदानावरूनच आली. पहिला पूर्णवेळ नोकर जेफ जॉन्सन हा स्टॅनफर्डचा धावपटू होता. १९६६ साली त्याने कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे या पेढीचे पहिले दुकान थाटले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे एक कार्ड तो ठेवीत असे. त्यावर पायाचे माप, पसंती, तक्रारी यांची नोंद असे, आणि त्याच्या आधारे तो त्यांना पत्रे लिही. धावण्याला जेव्हा अजून कोणी व्यायाम म्हणत नव्हते, रस्त्यावर धावणाऱ्याकडे लोक वळून पाहत, अशा काळात धावणाऱ्यांना एकमेकांशी बोलायला एक जागा मिळाली ती या दुकानात. बॉब वुडेल हा ऑरेगनचा लांब उडी मारणारा खेळाडू. १९६६ साली एका अपघातात त्याचे पाय कायमचे निकामी झाले. बॉवरमनच्या शिफारशीने तो या पेढीत आला, आणि पुढे बँकेचे दार बंद झाले तेव्हा त्याच्या आईवडिलांनी आपली साठवलेली पुंजी नाइटला कर्जाऊ दिली. त्यांच्यापाशी तारण म्हणून कोणताही दस्तऐवज नव्हता. आपला मुलगा जिथे काम करतो ती माणसे बुडवणार नाहीत, एवढेच त्यांनी पाहिले.

स्वतः बॉवरमन १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडला जाऊन आले होते. आर्थर लिडियर्ड यांनी तिथे प्रौढ स्त्रीपुरुषांना मंद गतीने धावण्याची जी गोडी लावली होती ती त्यांनी पाहिली, यूजीनला परतल्यावर तसेच वर्ग भरवले आणि एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने त्या विषयावर पुस्तकही लिहिले. अमेरिकेत सामान्य नागरिक धावू लागला त्याला हे पुष्कळ अंशी कारण झाले. ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहत ती पेढी उभी होती तो अशा रीतीने घराबाहेर पडला.

ओनित्सुकांशी असलेले संबंध १९७१ च्या सुमारास बिघडले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही बाजूंच्या मनांत संशय होता आणि दोन्ही बाजू पूर्णपणे निर्दोष नव्हत्या. स्वतःच्या नावाने बूट काढणे भाग पडले, तेव्हा जॉन्सनने ‘नाइकी’ हे ग्रीक विजयदेवतेचे नाव सुचवले, आणि कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने पस्तीस डॉलर घेऊन बुटावरची ती वळणदार खूण काढून दिली.

१९७२ साली ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या संघाची निवड करणाऱ्या शर्यती यूजीनलाच, त्याच हेवर्ड फील्डवर झाल्या. मॅरेथॉनमध्ये पहिल्या तिघांच्या पायांत जर्मन बूट होते. त्यांच्या मागून चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा आला. त्या चौघांच्या पायांत नाइटच्या पेढीचे नवे बूट होते.