न्यूटनचे नियम आणि आपली मांडी

मैत्रिणींनो, 'गतीचे तीन नियम लिहा' असा प्रश्न आला की शाळेत पोटात गोळा यायचा ना? परीक्षा संपली, नियमही विसरलो. पण न्यूटनने १६८७ साली ग्रंथात मांडलेले हे नियम आपण घरात दिवसभर वापरतच असतो बरं का!

चादर झटकली की चादर पटकन मागे येते, धूळ मात्र होती तिथेच राहू पाहते आणि सुटी होते. थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते, चालती वस्तू त्याच वेगाने सरळ पुढे जाऊ पाहते. हा पहिला नियम. या गुणाला जडत्व म्हणतात.

दुसरा नियम वजनाचा आणि जोराचा. गॅसचा भरलेला सिलिंडर रिकाम्याच्या साधारण दुप्पट जड, म्हणून तो हलवायला जोरही तसाच लागतो. शिवाय वेगातली वस्तू जितकी झटक्यात थांबवावी, तितका जोर जास्त. म्हणून तर वरून आलेला चेंडू झेलताना आपण हात जरा मागे घेतो.

तिसरा नियम न्हाणीघरात भेटतो. चालताना पाय फरशीला मागे रेटतो, फरशी आपल्याला पुढे रेटते. साबणाच्या पाण्याने पायाची पकड सुटली, की हे रेटणेच थांबते आणि आपण आडव्या!

आता खरी महत्त्वाची गोष्ट. मोटारीत तान्हे मूल आईच्या मांडीवरच सुरक्षित, असे आपण धरून चालतो. पण हिशेब करून पाहा. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर, बाळाचे वजन १० किलो. गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळ मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहणार. त्याला आवरायला शंभर किलोहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लागेल! माया कितीही असो, एवढे बळ कुठल्या आईच्या हातात असते?

म्हणून एवढे कराच :

● बाळाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या वेगळ्या आसनात पट्ट्याने बांधा.
● एकच पट्टा स्वतःभोवती आणि बाळाभोवती लावू नका. तुमचाच भार बाळावर येईल.
● स्कूटरवर मुलाला पुढे उभे करू नका.
● बस पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका. पाय जमिनीवर थांबतात, अंग पुढेच जाते.

'एवढं जवळच तर जायचंय' असे घरात कुणी म्हणाले, तर हा हिशेब त्यांनाही सांगा. जडत्व काही अंतर विचारत नाही!