पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ का?

समजा, तुम्ही एप्रिलच्या सुट्टीत घरच्यांसोबत लक्षद्वीपमधल्या कदमत बेटावर गेलात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, आणि लगूनच्या उथळ पाण्यात पालथं तरंगत खाली बघायचं, झालं स्नॉर्कलिंग! बाहेर आल्यावर धाकटी बहीण म्हणते, "केवढे मासे! सगळं मस्त आहे." आई म्हणते, "ते पांढरं प्रवाळ मेलेलं होतं." बाबा म्हणतात, "2005 साली आलो होतो तेव्हा याहून जास्त होतं." यातल्या कुठल्या वाक्यावर तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहाल?

आधी आईचं वाक्य घेऊ. प्रवाळ म्हणजे छोट्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रवाळाला अन्न पुरवतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून साधारण एक अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल गमावतं. मग पारदर्शक ऊतींमधून आतला पांढरा सांगाडा दिसतो. हेच ब्लीचिंग. म्हणजे पांढरं प्रवाळ उपाशी असतं, पण जिवंत असू शकतं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरतंही. उलट मेलेल्या सांगाड्यावर लवकरच शेवाळ चढतं आणि तो तपकिरी-हिरवट दिसतो. गंमत म्हणजे निरोगी प्रवाळही बऱ्याचदा तपकिरीच असतं! म्हणून वरून नुसता रंग बघून निकाल देऊ नका.

आता बहिणीचं. शेवाळ खाणारे पोपटमासे मेलेल्या प्रवाळावरही चरतात, त्यामुळे मासे दिसले म्हणजे प्रवाळ ठीक आहे असं नाही. शिवाय होडीवाला पर्यटकांना चांगल्याच जागी नेणार. हा झाला सॅम्पलिंग बायस. संशोधक जागा आधी ठरवतात, तळाशी टेप अंथरतात आणि ठरावीक अंतरावर टेपखाली जे येईल ते लिहितात, मग ती नुसती वाळू का असेना.

बाबा तुलना करतात, ही चांगली गोष्ट. पण तुलना कशाशी? प्रत्येक पिढी आपण पहिल्यांदा पाहिलं तेच 'नेहमीचं' धरते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली याला 'शिफ्टिंग बेसलाइन' म्हटलं. लक्षद्वीपला 1998 मध्येच मोठ्या ब्लीचिंगचा फटका बसला होता. म्हणजे बाबांनी पाहिलेलं 'जास्त' हेसुद्धा त्या फटक्यानंतरचंच! आगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे 1998 पासून मोजणी होत राहिली, म्हणून आज सांगता येतं की 24 वर्षांत तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलं. आठवणींवरून हे कधीच सिद्ध झालं नसतं.

तिघांनीही जे दिसलं तेच सांगितलं. चूक झाली ती निष्कर्षात. तुमच्या प्रस्तावातल्या प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारा: कुठे, किती, आणि कशाच्या तुलनेत? एकाचं जरी उत्तर नसेल, तर तो दावा अजून निरीक्षणच आहे. ते वहीत तारीख घालून जरूर लिहून ठेवा. पुढच्या कुणाची बेसलाइन तिथूनच सुरू होईल.