पाव आणि पंगत

जी वस्तु रोज डोळ्यांपुढें असते तिच्याविषयीं विचारपूस करण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. सूर्यग्रहणाची चौकशी सर्वच करितात. परंतु सकाळीं चहाबरोबर खाल्लेला पाव फुगला कशानें, असें विचारणारा विद्यार्थी वर्गांत क्वचितच आढळतो. वास्तविक ज्यास खाण्याची आवड आहे त्यास स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होय, आणि तींत डोळसपणें वावरणारास रोज कांहींना कांहीं नवें सांपडतें. या लेखांत आम्ही एका पावाचीच हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. पाव होतो कसा, हा तिचा एक भाग. आणि तो आपल्या पंक्तीस आला कसा, हा दुसरा. पहिला भाग शास्त्राचा व दुसरा इतिहासाचा असला तरी दोहोंचा संबंध किती निकटचा आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम नांवाविषयीं. पीठ पायांनीं तुडवितात म्हणून ‘पाव’, किंवा चौथा हिस्सा म्हणून ‘पाव’, अशा व्युत्पत्ति लोक सांगतात. पण त्या खऱ्या नव्हेत. हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आला. बटाटा, काजू, पेरू व अननस हे त्याचे सोबती. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें व १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं आली. ती १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. भात खाणाऱ्या या किनाऱ्यावर गव्हाची फुगलेली रोटी भाजण्याची कला त्यांच्याबरोबर आली. गोव्यांत सासष्टीच्या लोकांनीं ती उचलली. तेथें भटाऱ्यास ‘पोदेर’ म्हणतात. सायकलीवर टोपली बांधून व भोंगा वाजवीत दारोदार फिरणारा पोदेर आजही गोव्याच्या गांवांत भेटतो. त्याच्या टोपलींत कोंड्याची पोई, कडक उंडो, कात्रीनें कापल्यासारखा दिसणारा कातरो पाव, असे नाना प्रकार असतात. पुढें मुंबईस गोंवेकर भटारी आले, इराण्यांच्या बेकऱ्या निघाल्या, आणि पाव शहरांतील कामकरी माणसाचें हुकमी अन्न झाला.

आतां पाव होतो कसा तें पाहूं. गव्हाच्या पिठांत ग्लायडिन व ग्लुटेनिन नांवाचीं दोन प्रथिनें असतात. पीठ कोरडें असतां तीं निजलेलीं असतात. पाणी घालून मळूं लागलें म्हणजे तीं एकमेकांत गुंततात व त्यांची एक लवचिक जाळी बनते. हिलाच ग्लुटेन म्हणतात. कणकेचा गोळा ओढला असतां लांबतो व सोडला असतां आंखडतो, तो या जाळीमुळें. ज्वारी व बाजरी यांच्या पिठांत ही जाळी होत नाहीं. म्हणूनच भाकरीचें पीठ ऊन पाण्यानें मळावें लागतें. त्या उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगून चिकट होतें व तेंच भाकरीला धरून ठेवितें. आपल्या आया व आज्या भाकरी थापतांना कडा चिरूं नयेत म्हणून आधणाचें पाणी घेतात, त्यांत रसायनशास्त्राचा एक संपूर्ण धडा सामावलेला आहे. त्यांनीं तो पुस्तकांत वाचला नसेल. हातांनीं मात्र तो बिनचूक पाठ केला आहे.

जाळी झाली; तिच्यांत हवा भरणार कोण? तें काम खमिराचें. खमीर, म्हणजे बाजारांत ज्यास यीस्ट म्हणतात तें, सूक्ष्म सजीवांचें बनलेलें असतें. हे जीव इतके लहान असतात कीं, सूक्ष्मदर्शकावांचून एकेकटे दिसत नाहींत. पिठांतील साखर खाऊन ते दोन वस्तु बाहेर टाकतात: एक कार्बन डायॉक्साइड वायु व दुसरी मद्यार्क. वायु त्या लवचिक जाळींत अडकतो, व गोळा फुग्यासारखा वर येतो. साखरेचा मद्यार्क होण्याची ही क्रिया सजीवांमुळें घडते, हें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ च्या पुढील कांहीं वर्षांत प्रयोगांनीं दाखवून दिलें. त्यापूर्वीं हजारों वर्षें लोक पाव खात होते. पण आपल्या परातींत कोण राबत आहे, हें त्यांस ठाऊक नव्हतें. आपल्या घरीं आंबोळीचें पीठ रात्रीं भिजवून ठेविलें म्हणजे सकाळीं तें वर येतें. तेथेंही अशाच अदृश्य सेवकांची मंडळी काम करीत असते.

गोव्यांतील जुन्या भटाऱ्यांना विलायती खमीर कोठून मिळणार? त्यांनीं नारळाच्या माडाची माडी वापरली. तिला तेथें सूर म्हणतात. माडाचा ताजा रस कांहीं तासांतच आपोआप आंबतो, कारण खमिराचे जीव त्यांत हवेंतून व भांड्यांतून येऊन पडतात. तीच माडी पिठांत घातली कीं पाव फुगे. हल्लीं बहुतेक भट्ट्यांत बाजारचें यीस्टच वापरतात. ही माडीची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

फुगलेला गोळा भट्टींत गेला म्हणजे वायु प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते, आणि पाव आणखी वर येतो. आंतील उष्णता ६० अंश सेल्सियसच्या आसपास पोंचली कीं खमिराचे जीव मरतात. मद्यार्काचा बहुतेक भाग उडून जातो. पिष्ट व प्रथिनें घट्ट होऊन पावाचा आकार कायम होतो. पावाच्या गाभ्यांत पाणी असतें, तोंवर तो १०० अंशांपलीकडे तापत नाहीं, म्हणून आंत पांढरा व मऊ राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र सुकून फार तापतो. तेथें प्रथिनांचे घटक व साखर यांचा संयोग होऊन तांबूस रंग व तो परिचित सुवास उत्पन्न होतो. लुई कामीय मायार याने १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, म्हणून ती त्याच्या नांवानें ओळखली जाते. भाजलेल्या शेंगदाण्यांचा व तव्यावरच्या पोळीच्या डागांचा खमंगपणा बराचसा ह्याच क्रियेचा होय. पोळी फुगते ती मात्र खमिरानें नव्हे, नुसत्या वाफेनें. पाण्याची वाफ झाली कीं ती मूळच्या सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते.

ज्यांस घरीं प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं प्रमाण देतों. मैदा ५०० ग्रॅम, कोमट पाणी सुमारें ३०० मिलिलिटर, सुकें यीस्ट ५ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम व लोणी २५ ग्रॅम घ्यावें. पाणी हाताला सोसेल असेंच असावें. कढत पाण्यानें खमीर मरतें व मग कितीही वाट पाहिली तरी पीठ हलत नाहीं. दहा मिनिटें चांगलें मळून, ओलें फडकें झांकून, पीठ दुप्पट होईपर्यंत ठेवावें. उन्हाळ्यांत यास एक तास पुरतो, थंडींत अधिक लागतो. नंतर बारा गोळे करून ताटांत अगदीं जवळ जवळ मांडावे व पुन्हां अर्धा-पाऊण तास फुगूं द्यावे. लादी पावाच्या बाजू मऊ असतात त्या याच कारणानें; शेजारच्या पावाला टेकून राहिल्यामुळें त्यांना भट्टीची झळ लागत नाहीं. २०० अंश सेल्सियसवर सुमारें वीस मिनिटें भाजून वरून लोणी फिरवावें. उरलेला पाव शीतपेटींत ठेवूं नये. तेथें पिष्टाचे कण पुन्हां लवकर आंखडून तो अधिकच वातड होतो. शिळा पाव किंचित् गरम केला म्हणजे कांहीं वेळ पुन्हां मऊ होतो, तोंवर तो खाऊन टाकावा.

येथवर शास्त्र झालें. पण ज्या पावांत गहूं, पाणी, मीठ व खमीर यांवांचून कांहीं नाहीं, त्याच पावानें एके काळीं आपल्या प्रांतांत माणसें जातिबहिष्कृत होत असत. विहिरींत पावाचा तुकडा टाकला व तें पाणी प्यालेला सारा गांव बाटला, अशा गोष्टी किनाऱ्यावर अजूनही सांगतात. या भीतीचीं कारणें तीन दिसतात. पीठ कशानें फुगलें हें लोकांस कळत नव्हतें; त्यांत माडी असते हें ऐकून होते; आणि मुख्य म्हणजे तें मळणारा हात परक्या जातीचा वा धर्माचा होता. पहिल्या दोन शंकांचें उत्तर वर आलेंच आहे. तिसरीचें उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेंत मिळण्यासारखें नव्हतें. तें माणसांनाच एकमेकांसमोर बसून द्यावें लागलें.

तसें देणारांपैकीं कांहीं मंडळी मुंबईंतील परमहंस सभेची होय. दादोबा पांडुरंग व त्यांचे मित्र यांनीं ही सभा १८४९ सालीं स्थापिली. तिच्यांत येणाऱ्या सभासदानें ख्रिस्ती माणसानें केलेल्या पावाचा तुकडा खावयाचा व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावयाचें, असा नियम होता. हें सर्व गुप्तपणें चाले. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं व सभा मोडली. ज्यांनीं पाव चोरून खाल्ला त्यांस आज हंसणें सोपें आहे. परंतु त्या एका तुकड्यासाठीं सोयरीक, श्राद्धपक्ष, शेजार, सर्व गमावण्याची पाळी येई, हें विसरूं नये.

दुसरा प्रसंग पुण्याचा. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें व मागाहून पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पाहुण्यांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांच्यासारखे गृहस्थ होते. कांहींनीं चहा घेतला. कांहींनीं यजमानांचा मान राखण्यापुरता कप हातांत घेऊन तसाच ठेविला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं हजर मंडळींचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आणविलीं, आणि गांवांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानडे यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. एक कप चहा व एक बिस्किट यांनीं पुण्यासारखें विद्वानांचें शहर दोन वर्षें हलवून सोडलें.

आज स्थिति काय आहे? मिसळीबरोबर पाव, उसळीबरोबर पाव, बटाट्याच्या वड्याभोंवतीं पाव. आणि तो कोणत्या भट्टींतून आला हें विचारल्यावांचून सर्व जातींचे व धर्मांचे लोक एकाच गाडीपाशीं उभे राहून तो खातात. ज्या पावानें पंगत मोडे त्यानेंच आतां रस्त्याच्या कडेला सर्वांची एक पंगत बसविली आहे. हा पालट कोणा एकाच्या हुकमानें झाला नाहीं. भूक, गिरणीची शिटी, आगगाडीची घाई, शाळेंतील शेजारचा बांक, अशा साध्या कारणांनीं तो हळूहळू, पीठ वर यावें तसा, घडून आला.

तरी काम पुरें झालें आहे असें समजूं नये. मधल्या सुट्टींत डबे उघडले म्हणजे कोण कोणाजवळ बसतो व कोणाच्या डब्याकडे पाहून नाक मुरडतो, हें पाहिलें असतां जुनें ग्रामण्य लहान रूपानें आजही दृष्टीस पडतें. येथें एक भेद मुलांनीं व त्यांच्या आईबापांनींही नीट ओळखावा, असें आम्हांस वाटतें. एखादा पदार्थ आपणांस वर्ज्य असूं शकतो. कोणी मांस खात नाहीं, कोणी कांदा-लसूण खात नाहीं, कोणास गव्हाचें ग्लुटेनच सोसत नाहीं. तो पदार्थ सोडण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. पदार्थ सोडतांना माणूस मात्र सुटतां कामा नये. ‘हें मी खात नाहीं’ असें म्हणून शेजारीं बसून राहतां येतें. ‘तूं हें खातोस’ म्हणून उठून जाण्यानें घाव बसतो, आणि लहानपणींचा असा घाव फार दिवस भरत नाहीं.

यजमानासही यांत शिकण्यासारखें आहे. पाहुणा यावयाच्या आधीं त्यास काय चालतें व काय चालत नाहीं हें विचारून ठेवावें. विचारण्यांत संकोच मानूं नये. त्यास न चालणाऱ्या पदार्थाचा आग्रह करूं नये व त्याच्या नकाराचा राग धरूं नये. ज्याच्या घरीं आपण जातों त्याच्या हातचें निदान पाणी तरी मोकळ्या मनानें घ्यावें. उत्तम पक्वान्नांपेक्षां एवढी दक्षता पाहुण्याच्या अधिक दिवस स्मरणांत राहते.

तेव्हां विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढच्या वेळीं पाव मोडतांना त्यांतील छिद्रें अवश्य पहा. प्रत्येक छिद्र म्हणजे खमिराच्या जीवांनीं सोडलेल्या वायूची एक खोली आहे. आणि पाव दोन हातांनीं मोडल्यावर त्याचे दोन तुकडे होतात, हेंही पहा. दुसरा तुकडा कोणास द्यावयाचा, याचें उत्तर आम्ही येथें लिहीत नाहीं. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर तें तुमचें तुम्हीच द्यावयाचें आहे.