अल्कलीच्या पलीकडे नेणारं यंत्र

फेब्रुवारी १९६७ मध्ये युआन त्से ली हार्वर्ड विद्यापीठात डडली हर्शबाक यांच्या गटात पोस्टडॉक म्हणून रुजू झाले. हर्शबाक यांचं नाव तोवर गाजलेलं होतं. काम मात्र एका जागी अडलं होतं, आणि ते पुढे सरकायचं तर गटाला एक नवं यंत्र स्वतःच बांधावं लागणार होतं.

परीक्षानळीत रासायनिक क्रिया होते तेव्हा असंख्य रेणू सगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगांनी एकमेकांवर आदळत असतात. हाती येते ती सगळ्यांची सरासरी. एकेका टकरीत नेमकं काय घडतं, हे पाहायचं तर दोन पदार्थांचे बारीक झोत निर्वात पेटीत एकमेकांना आडवे सोडायचे आणि नवे रेणू कोणत्या कोनात, किती वेगाने बाहेर पडतात ते मोजायचं. रसायनशास्त्रातला असा पहिला प्रयोग ओक रिज इथे टेलर आणि डॅट्झ यांनी १९५५ साली केला. हर्शबाक मुळात वर्णपटशास्त्राचे विद्यार्थी. हार्वर्डमध्येच ब्राइट विल्सन यांच्याकडे त्यांनी सूक्ष्मलहरींनी रेणूंच्या अंतर्गत फिरण्याचा अभ्यास केला होता. १९५९ मध्ये बर्कलीला प्राध्यापक झाल्यावर ते झोतांकडे वळले.

पोटॅशियम आणि मिथाइल आयोडाइडच्या झोतांनी पहिलं ठोस उत्तर दिलं. तयार झालेलं पोटॅशियम आयोडाइड आल्या वाटेने मागे उसळत होतं. याउलट पोटॅशियमची गाठ ब्रोमीनशी पडली, की नवा रेणू पुढच्याच दिशेला निघून जाई. पोटॅशियम लांबूनच आपला इलेक्ट्रॉन ब्रोमीनकडे फेकतो आणि त्या विद्युत्भाराच्या ओढीने एक ब्रोमीन अणू खेचून घेतो. देवमाशावर दोरीचा भाला फेकून त्याला ओढून आणण्याच्या रीतीवरून शास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘हार्पून’ म्हटलं.

हे सगळं जमलं ते एका तापलेल्या तारेमुळे. टंगस्टनची तार तापवली, की तिला स्पर्श करणारा अल्कली धातू किंवा त्याचा क्षार इलेक्ट्रॉन गमावून आयन बनतो आणि मोजता येतो. इतर वायूंची ती दखलच घेत नाही, त्यामुळे पेटीत थोडी हवा उरली तरी बिघडत नाही. पण लिथियम, सोडियम, पोटॅशियम आणि त्यांची भावंडं सोडली, तर बाकीचं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र या तारेला अदृश्य होतं. या क्षेत्रातले लोक त्या काळाला ‘अल्कली युग’ म्हणतात.

बाकीचे रेणू टिपायचे तर त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून आयन बनवायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरने वस्तुमानानुसार निवडायचे. मात्र इलेक्ट्रॉन भेदभाव करत नाहीत. पेटीत उरलेल्या वायूचेही आयन होतात आणि खरा संकेत त्या गर्दीत बुडून जातो. यावर उपाय म्हणून मापक एकात एक बसवलेल्या कक्षांत ठेवायचा, प्रत्येक कक्षाला स्वतंत्र पंप जोडायचा. अशा यंत्रांत सर्वांत आतला दाब १०⁻¹¹ टॉरपर्यंत उतरवतात. हवेच्या नेहमीच्या दाबाचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागाइतका हा दाब! शिवाय हा सगळा डोलारा टकरीच्या बिंदूभोवती फिरवता आला पाहिजे, नाहीतर कोन मोजणार कसे?

ली यांचा निम्मा वेळ रॉबर्ट गॉर्डन यांच्याबरोबर हायड्रोजन अणूंच्या प्रयोगात जाई. उरलेल्या वेळात डग मॅकडोनाल्ड आणि पिएर लब्रेटन यांच्यासह यंत्राची बांधणी चाले. चौथं नाव ली यांनी नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मवृत्तात आवर्जून घेतलं आहे : वर्कशॉपचे फोरमन जॉर्ज पिसिएलो. दहा महिन्यांत यंत्र उभं राहिलं आणि क्लोरीन अणू व ब्रोमीन रेणू यांची टक्कर त्यावर टिपली गेली. अल्कलीचा त्यात कुठेही संबंध नव्हता. १९६९ मध्ये यंत्राचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा लेखकांत पहिलं नाव ली यांचं होतं, गटप्रमुखांचं शेवटी.

तोवर ली हार्वर्डमध्ये राहिलेही नव्हते. ऑक्टोबर १९६८ मध्ये ते शिकागोला सहायक प्राध्यापक झाले होते. विद्यापीठातल्या गटाची ही नेहमीचीच अडचण : यंत्र दहा-वीस वर्षं चालतं, ते चालवणारी माणसं चार-पाच वर्षांत निघून जातात. पण याच ये-जा करण्यातून कसबही गावोगाव पोचतं. ली स्वतः ते बर्कलीहून घेऊन आले होते. तिथे ब्रूस माहन यांच्याकडे डॉक्टरेटनंतरच्या काळात आयनांच्या टकरी मोजणारं यंत्र बांधताना त्यांचा हात बसला होता. शिकागोत त्यांनी फ्लोरीन आणि ड्युटेरियमची क्रिया तपासली आणि १९७४ मध्ये ते प्राध्यापक म्हणून बर्कलीला परतले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत अशी सात यंत्रं झाली. क्रियांची गतिकी, प्रकाशाने होणारं विघटन, रेणूंचे वर्णपट अशा प्रश्नांसाठी ती मुद्दाम घडवलेली होती.

त्यातल्या एका प्रयोगातून ज्वलनाबद्दलचा एक समज बदलला. ऑक्सिजन अणू एथिलीनवर आदळला, की मुख्यतः मिथाइल आणि फॉर्मिल हे तुकडे होतात, असं मानलं जाई. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तशी वस्तुमानं दिसतही. बर्कलीच्या गटाने कोन तपासले. एखादा मोठा रेणू मापकात शिरल्यावर फुटला असेल, तर त्याचे तुकडे त्याच रेणूच्या कोनात सापडणार. तसंच दिसलं. टकरीत मुख्यतः एक हायड्रोजन अणू सुटत होता आणि मागे विनॉक्सी हा मूलक उरत होता. पुढची मोडतोड मापकातल्या इलेक्ट्रॉनांनी केलेली होती.

दरम्यान टोरांटोत जॉन पोलानी दुसऱ्या वाटेने तिथेच पोचत होते. नुकताच जन्मलेला रेणू थरथरत असतो आणि मंद अवरक्त प्रकाश सोडतो. त्याचा वर्णपट वाचून क्रियेतली किती ऊर्जा कंपनात गेली, ते पोलानी सांगत. ली यांची यंत्रं तेच वेगावरून ओळखत : एकूण ऊर्जा ठरलेली असल्याने जास्त कंपणारा रेणू हळू धावतो. फ्लोरीन आणि हायड्रोजनच्या क्रियेत कंपनाच्या प्रत्येक पातळीचा कोन अशा रीतीने वेगळा काढता आला. या कामाचा सविस्तर वृत्तान्त १९८५ मध्ये आला. पुढच्याच वर्षी हर्शबाक, ली आणि पोलानी यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

ली १९९४ मध्ये तैवानला गेले आणि तिथल्या ‘अकादेमिया सिनिका’चे प्रमुख झाले. बर्कलीत त्यांच्या पद्धतीच्या मापकाला नवा जोडीदार मिळाला आहे. तिथल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लाइट सोर्स’ या सिंक्रोट्रॉनवर रासायनिक गतिकीसाठी एक स्वतंत्र प्रकाशवाहिनी आहे. तिच्यात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याऐवजी अतिनील किरणांनी आयन बनवतात. किरणांची ऊर्जा हवी तेवढीच ठेवता येते, म्हणून मापकात रेणू फुटण्याचं प्रमाण खूप घटतं. बाहेरच्या विद्यापीठांतले गट अर्ज करून या वाहिनीवर वेळ मिळवतात आणि आपले प्रयोग तिथे नेऊन लावतात.