कुत्र्यांचा फ्लू आणि ‘सरासरी’ नावाचा शब्द

आर-नॉटची व्याख्या तुम्हाला पाठ असेल. एक आजारी जीव सरासरी किती जणांना रोग देतो, तो आकडा. १ च्या वर गेला की साथ वाढते, १ च्या खाली आला की विझते. व्याख्या बरोबरच आहे, पण तिच्यातला ‘सरासरी’ हा शब्द आपण फार पटकन गिळतो. प्रवेश परीक्षेत त्याने काही बिघडत नाही. संशोधनात मात्र बिघडतं. आज त्या एका शब्दासाठी कुत्र्यांच्या फ्लूची गोष्ट सांगते.

जानेवारी २००४ मध्ये फ्लोरिडातल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवरचे २२ ग्रेहाउंड खोकायला लागले. त्यातले ८ मेले, फुफ्फुसांत रक्तस्राव होऊन. कुत्र्यांचा खोकला म्हटलं की आधी ‘केनेल कफ’ आठवतो, पण त्याने एवढे कुत्रे मरत नाहीत. एका मेलेल्या कुत्र्याच्या फुफ्फुसातून विषाणू वाढवला तेव्हा तो निघाला इन्फ्लूएन्झा, एच३एन८ प्रकारचा. घोड्यांमध्ये तो १९६३ पासून माहीत होता. हा अख्खाच्या अख्खा विषाणू घोड्यातून कुत्र्यात आला होता, दुसऱ्या कुठल्या फ्लूची जनुकं न मिसळता. २००५ मध्ये ‘सायन्स’ मासिकात हे छापून आलं. पुढे ग्रेहाउंडांची जुनी साठवलेली सीरम काढून तपासली, तर १९९९ च्या नमुन्यांतही प्रतिपिंडं सापडली. म्हणजे कुणाला पत्ता लागण्याआधी चार-पाच वर्षं विषाणू फिरत होता. (फ्रीजर साफ करायचा हुकूम आला की हे उदाहरण गाइडला जरूर सांगा.)

आता स्वतःला त्या वेळच्या साथरोगतज्ज्ञाच्या जागी ठेवा. विषाणू नवा. एकाही कुत्र्याला आधीची प्रतिकारशक्ती नाही. देशात कोट्यवधी कुत्रे. तुम्ही काय भाकीत कराल? वणवा पेटणार, असंच ना? पण पेटला नाही. वर्षानुवर्षं तो इथे थोडा, तिथे थोडा दिसायचा आणि विझायचा. सोपं स्पष्टीकरण लगेच सुचतं की विषाणू अजून कुत्र्यांना सरावलेला नाही, नीट पसरता येत नाही त्याला.

२०१४ मध्ये ‘प्लॉस पॅथोजेन्स’मध्ये बेंजामिन डॅलझिएल आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, त्यात हेच तपासलं होतं. मोठ्या अ‍ॅनिमल शेल्टरमध्ये या विषाणूचा आर-नॉट त्यांना सरासरी ३.९ मिळाला. हा दुबळ्या विषाणूचा आकडा नव्हे. मग देशभर का पसरत नव्हता? कारण शेल्टरबाहेरचा कुत्रा इतर कुत्र्यांना फारसा भेटतच नाही. घर, कुंपणातलं अंगण, पट्ट्याला बांधून फेरी, अधूनमधून पार्क. विषाणू त्याच्यापर्यंत पोचला तरी पुढे जायला वाट नसते. शेल्टरचं उलट आहे. शेजारी-शेजारी पिंजरे, तेच हात, तीच भांडी, आणि मुख्य म्हणजे रोज दारातून नवे कुत्रे आत येतात. चुलीत कुणीतरी सतत सरपण घालत राहावं, तसं. त्यामुळे विषाणू अशा मूठभर जागांवर तगून होता आणि एकूण जाळ्याचा विचार केला तर अगदी उंबरठ्यावर होता.

म्हणजे ‘आर-नॉट किती?’ हा प्रश्न अर्धाच आहे. कुठे मोजला, कुणामध्ये मोजला, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि म्हणूनच ३.९ उचलून आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना लावू नका. त्यांचं भेटीगाठींचं जाळं अमेरिकन घरातल्या कुत्र्याचंही नाही आणि शेल्टरचंही नाही.

एच३एन८ शेवटी उंबरठ्याच्या खाली गेला. २०१६ नंतर तो अमेरिकेतल्या कुत्र्यांत दिसलेला नाही. पण तोवर दुसरा आला होता. एच३एन२ हा मूळचा पक्ष्यांचा, २००५ च्या सुमारास आशियात कुत्र्यांमध्ये शिरलेला, आणि चीन-कोरियात तिथेच मुक्काम केलेला. २०१५ च्या वसंतात शिकागोत हजाराहून जास्त कुत्रे आजारी पडले. आधी सगळ्यांना वाटलं जुनाच एच३एन८ आहे. तपासणीत आशियातला एच३एन२ निघाला. पुढची दोन-तीन वर्षं अमेरिकेत अशा साथी येत राहिल्या. नमुन्यांचा जनुकीय वंशवृक्ष काढला तेव्हा कळलं की ही एकच साथ धुमसत नव्हती. विषाणू आशियातून पुन्हा पुन्हा येत होता, पसरत होता, विझत होता.

येण्याची एक वाट होती विमानातून येणारे कुत्रे. कोरियातल्या मांसासाठीच्या फार्मवरून सोडवून उत्तर अमेरिकेत दत्तक दिलेले कुत्रेसुद्धा त्यात होते. इथे मला वाचताना थांबावं लागलं. त्या कुत्र्यांना सोडवणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण विमानतळावरून थेट शेल्टरमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या नेमक्या त्या चुलीत, त्यांना नेलं तर जिवावर बेततं ते तिथे आधीपासून असलेल्या कुत्र्यांच्या.

मग त्यांना वेगळं ठेवायचं, पण किती दिवस? एच३एन८ चे कुत्रे साधारण आठवडा-दहा दिवस विषाणू टाकायचे. शिकागोच्या साथीत तीन शेल्टरमधल्या १६ कुत्र्यांचे स्वॅब वारंवार घेतले, तर एच३एन२ तीन आठवड्यांच्या आसपास सापडत राहिला. आणि सलगही नाही. एक दिवस चाचणी निगेटिव्ह, पुढे पुन्हा पॉझिटिव्ह. आता विचार करा, खोकला थांबला आणि एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून कुत्रा मोकळा सोडला तर काय होईल? नमुना फक्त १६ कुत्र्यांचा होता हे खरं, पण तेवढ्याने धोरण बदललं. एच३एन२ साठी निदान २१ दिवसांचं विलगीकरण सांगितलं जाऊ लागलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॅनडातलं आहे. ओंटारिओत २८ डिसेंबर २०१७ ते ३० ऑक्टोबर २०१८ या काळात १०४ कुत्र्यांत एच३एन२ सापडला. बोर्डिंगची केनेल्स आणि एक पशुवैद्यकीय दवाखाना ही पसरण्याची ठिकाणं निघाली. संशयितांची चाचणी, त्यांच्या संपर्कातल्या कुत्र्यांचा शोध आणि चाचणी, आणि लागण झालेल्याला २८ दिवस वेगळं ठेवणं, एवढ्यावर साथ आटोक्यात आली. मेले दोनच. बहुतेक कुत्र्यांचं जाळं विरळ आहे, ही विषाणूची अडचण त्यांनी आपल्या बाजूने वापरली. दाट गाठी तेवढ्या सोडवल्या.

त्या यादीतला दवाखाना लक्षात ठेवा. खोकणारा कुत्रा घेऊन आपण वेटिंग रूममध्ये बसतो, आणि तीच दाट गाठ ठरते. म्हणून असे रोगी आले तर दवाखाने आधी फोन करायला सांगतात आणि कुत्र्याला गाडीतच थांबवतात. लक्षणं दिसण्याआधीच कुत्रा विषाणू टाकायला लागतो आणि काहींना लक्षणं येतच नाहीत, त्यामुळे ‘बरा दिसतोय’ हा पुरावा नव्हे. विषाणू भांडी, पट्टा, कपडे, हात यांवरूनही जातो. सुदैवाने साबण आणि नेहमीची जंतुनाशकं त्याला पुरतात.

लसीबद्दल थोडक्यात. एच३एन८ ची लस २००९ मध्ये आली, एच३एन२ ची २०१५ च्या शेवटी, आता दोन्हींची मिळून एकत्र मिळते. लागण होणारच नाही अशी हमी ती देत नाही. आजार सौम्य आणि छोटा करते, विषाणू टाकणंही कमी करते. केनेल कफची लस (बोर्डेटेलाची) घेतली म्हणजे फ्लूची झाली असं समजू नका, दोन्ही वेगळ्या. घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला तिचा उपयोग कमी, डे-केअरला किंवा डॉग शोला जाणाऱ्याला जास्त. का, ते वरच्या जाळ्यावरून तुम्हीच सांगाल.

तुमचा एखादा भाऊ-बहीण अमेरिकेत असेल आणि दिवाळीला इकडे येताना कुत्रा बोर्डिंगला ठेवणार असेल, तर त्यांना हा हिशोब पाठवा. पहिल्यांदा लस घेताना दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि दुसऱ्या डोसनंतर अंगात प्रतिकारशक्ती यायला आणखी थोडा वेळ. तिकीट काढलं त्याच आठवड्यात व्हेटला फोन करायचा, बॅगा भरताना नाही.