खड्ड्यात न अडखळणारं गाणं

कारमध्ये सीडी वाजू शकली, हेच मुळात मोठं नवल होतं. बारा सेंटिमीटरच्या त्या तबकडीवर पाच किलोमीटरहून लांब असा एकच सर्पिल माग असतो आणि त्याच्या दोन वेढ्यांमधलं अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन. त्या मागावरचे सूक्ष्म खळगे लेसर वाचतो, तोही तबकडीला स्पर्श न करता. लेसरचं चिमुकलं भिंग विद्युतचुंबकाच्या जोरावर तोललेलं असतं. तबकडी जराशी डुगडुगली की तेही तिच्याबरोबर सरकतं. घरातल्या टेबलावर ही कसरत जमून जाते. १९८४ मध्ये पायोनियर आणि सोनी यांनी कारसाठी सीडी प्लेअर आणले, तेव्हा तीच कसरत धावत्या गाडीत करून दाखवायची होती. पुढे काही प्लेअरमध्ये मेमरी चिप आली. गाणं थोडं आधीच वाचून साठवायचं आणि धक्क्याने माग सुटला तर लेसर जागेवर येईपर्यंत साठ्यातलं वाजवायचं.

पेन ड्राइव्हमध्ये हलणारं काहीच नाही. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या फ्लॅश मेमरीत विद्युतरोधक थराने वेढलेल्या कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात. कप्प्यात ते किती आहेत, यावरून शून्य की एक ते ठरतं. घाटातल्या खड्ड्यांचं त्यांना सोयरसुतक नाही.

कसोटी लागते ती सीडी पेन ड्राइव्हसाठी उतरवून घेताना. डेटा सीडीच्या दर सेक्टरमधल्या २३५२ बाइटपैकी २०४८ माहितीसाठी असतात. उरलेल्यांत पत्ता आणि चूकदुरुस्तीची जादा तजवीज असते. ऑडिओ सीडीवर मात्र सगळे २३५२ बाइट आवाजालाच दिलेले. ओरखड्यांशी झुंजणारी गणिती संकेतावली दोन्हीकडे असते, पण ऑडिओ सीडीवर ती कमी पडली की प्लेअर हरवलेला नमुना शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो. कानाला ते बहुधा कळतही नाही. फाइल करताना मात्र तो अंदाज कायमचा कोरला जातो. म्हणून घाई नको. तबकडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी आणि प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून ताडून पाहणारं सॉफ्टवेअर वापरावं, वेळ लागला तरी.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, तेही दोन वाहिन्यांत. म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये त्याचं जेमतेम १ एमबी होतं, कारण मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज त्यातून वगळलेले असतात. इंजिन आणि टायरच्या घरघरीत हा फरक सहसा जाणवत नाही. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र एक गोष्ट खटकते. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे ट्रॅक बदलत असेल, तर ऐन समेवर तबला तुटल्यासारखा वाटतो. आपल्या संगीताला हे फार जाचतं. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये काहीच वगळलं जात नाही, टोकाला शांतताही भरावी लागत नाही, आणि जागा मूळच्या निम्म्याच्या आसपास लागते. माझ्या मते साठवण फ्लॅकमध्येच असावी. कारचा स्टिरिओ ते वाचत नसेल तर त्यावरून एमपी३ केव्हाही करता येतं. बऱ्याच स्टिरिओंना फॅट३२ फॉरमॅटचाच पेन ड्राइव्ह चालतो, तेवढं आधी पाहून घ्यावं.

आता धोका उष्णतेचा. तापलेल्या कप्प्यांतून इलेक्ट्रॉन लवकर झिरपतात आणि वैशाखात उन्हात उभी असलेली गाडी भट्टीसारखी तापते. त्यामुळे गाडीत असावी ती नक्कलच; मूळ संग्रह घरच्या हार्ड डिस्कवर, दोन ठिकाणी.

आणि सुरुवात करायची ती घरी बर्न केलेल्या सीडींपासून. दुकानातल्या सीडीवर खळगे साच्यातून उठवलेले असतात, घरच्या सीडीवर मात्र लेसरने रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवलेल्या. ऊन आणि उष्णता लागून ते रंगद्रव्य बिघडत जातं. गावातल्या भजनी मंडळाचं किंवा आजीच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण अशाच एखाद्या सीडीवर असतं आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.